गाठ असलेला धागा

मी एक जुना धागा आहे. मित्रांनो, शिवणाच्या डब्यात मला शोधू नका, तिथे मी सापडणार नाही. माझ्यासारखे हजारो धागे एकत्र वळले, तरी तुमच्या पापणीच्या एका केसाएवढी जाडी होणार नाही. माझ्या अंगावर साडेसात हजार अक्षरे आहेत आणि ती सगळी फक्त चार अक्षरे उलटसुलट मांडून झालेली आहेत. शास्त्रज्ञ मला आरएनए म्हणतात. मी आणि माझे घर मिळून जे होते, त्याला विषाणू म्हणतात. हे नाव ऐकले की लोक खुर्ची मागे सरकवतात. तुम्ही मात्र खुशाल बसा. मी सध्या एका पोलादी कपाटात, बर्फाहून कितीतरी थंड जागी, घट्ट झाकणाच्या नळीत आहे.

तुम्ही विचाराल, याला डोळे नाहीत, कान नाहीत, मग एवढे सगळे याला कळले कसे? फाटक्या छत्रीला आणि गंजलेल्या सायकलीलाही डोळे-कान नसतात, तरी त्यांची आत्मवृत्ते तुम्ही दहा-दहा गुणांसाठी लिहिता. तेवढीच सवलत मलाही द्या.

माझा जन्म एका सहा वर्षांच्या मुलीच्या घशात झाला. ती कोण होती, मला ठाऊक नाही. तिचा घसा मात्र आठवतो. तो ऊबदार आणि ओलसर होता, आणि तिने आवंढा गिळला की आमचे सगळे जग हलायचे. तिच्या एका पेशीत माझा पूर्वज शिरला होता. पेशी बिचारी फार भोळी असते. आत आलेले पत्र कुणाचे, हे ती विचारत नाही. लिहिले असेल तसे करते. माझ्या पूर्वजाच्या अंगावर लिहिले होते, माझ्यासारखे धागे विण आणि त्यांच्यासाठी घरे बांध. पेशीने स्वतःची कामे बाजूला ठेवली आणि ती या कामाला जुंपली. शेवटी त्यातच मेली.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट त्या पेशीतच घडली, म्हणून ती नीट सांगतो. आत काळोख होता आणि प्रचंड गर्दी होती. हजारो धागे तरंगत होते. त्यांतले बहुतेक पेशीचे स्वतःचे होते, तिच्या रोजच्या कामांची पत्रेच म्हणा ना. त्याच गर्दीत माझ्या घराच्या भिंती सुट्या फिरत होत्या. पाच-पाच तुकडे हातात हात घालून एक गट व्हायचा, आणि असे बारा गट जमले की एक घर. तिथे मुकादम नव्हता, दिवा नव्हता, हाक मारणारे कुणी नव्हते. मग या भिंतींना कसे कळावे की एवढ्या धाग्यांतला आपला कोणता?

तर माझ्या अंगावर एका जागी अक्षरे अशी मांडली आहेत की धागा स्वतःवरच दुमडतो आणि तिथे एक छोटी गाठ बसते. गाठी इतरांनाही असतात, पण हीच गाठ नसते. मी अजून पुरता विणून सुटलोही नव्हतो, तेवढ्यात पहिला गट जवळ आला. आंधळ्याने दाराची कडी चाचपावी तशी त्याने माझी गाठ चाचपली, आणि तो थांबला. मग दुसरा आला, मग तिसरा. मी आत आत गुंडाळला गेलो. बारावा गट बसला आणि चारही बाजूंनी भिंत झाली. त्या घराला दार नव्हते.

त्याच वेळी आसपास आणखी काही घरे बांधली जात होती. त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. बारा गट जमले आणि बंद झाले. त्यांच्या आत कुणीच नव्हते. बाहेरून पाहाल तर त्यांच्यात आणि आमच्यात तसूभर फरक नाही. त्या मुलीच्या घशात ती आमच्या खांद्याला खांदा लावून वाहत होती. आत कुणी नसताना एखादे घर इतके व्यवस्थित का बंद व्हावे, हे मला आजवर उमगलेले नाही. त्यांच्या शेजारी मला नेहमी कसेसेच व्हायचे.

एके दिवशी कापूस गुंडाळलेली एक काडी घशात आली आणि मला घेऊन बाहेर गेली. त्या मुलीचे पुढे काय झाले, ते मला कुणी सांगितले नाही. काडी काढून घेताना डॉक्टर तिच्याकडे पाहून हसले नाहीत, एवढे मला आठवते.

पुढची वर्षे प्रयोगशाळेत गेली. पांढऱ्या फरशीची लांबलचक खोली, एका भिंतीला काचेच्या पेट्या, मधोमध एक उघडे टेबल आणि कोपऱ्यात सतत गुरगुरणारे थंड कपाट. तिथल्या प्रमुखांना सगळे बाई म्हणत. तेव्हा बाईंचे केस काळेभोर होते. त्यांनी मला चपट्या बाटलीतल्या पेशींवर सोडले आणि दोन दिवसांत माझे कोट्यवधी झाले. इथे एक कबुली द्यायला हवी. ते कोट्यवधी सगळे मीच. माझी नक्कल उतरवताना एखादे अक्षर हमखास चुकते, पण चुकलेला धागाही स्वतःला मीच म्हणतो. तेव्हा हे आत्मवृत्त नेमके कुणाचे, असे विचाराल तर मी हात टेकतो.

बाईंनी माझ्या गाठीपायी अकरा वर्षे घालवली. त्यांनी ती सरळ केली, कापली, तिच्यातले एकेक अक्षर बदलून पाहिले. गाठ काढून टाकली तेव्हा भिंतींना मी ओळखूच येईना. मी समोर तरंगत असताना घरे माझ्याभोवती न थांबता निघून जात आणि रिकामीच बंद होत. काही घरे तर त्याहून पुढे गेली. त्यांनी हाताला लागेल तो धागा उचलला. पेशीचेच एखादे पत्र घेतले, त्याभोवती बारा गट जमवले आणि माझ्या वेशात ते बाहेर पाठवून दिले. ते पाहून बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "कमाल आहे! म्हणजे आत कोण आहे, हे या घरांना स्वतःलाच माहीत नसतं."

मग माझे दिवस आले. मोठ्या सभागृहात माझे चित्र पडद्यावर दाखवले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते चित्र चौकटीत बसवून प्रयोगशाळेच्या जिन्यात टांगले. चित्रात मी फार गोंडस दिसतो, मुलांच्या चेंडूसारखा.

रिकाम्या घरांनाही भाव आला. त्यांच्यापासून ताप येत नाही, पण ज्या माणसाला पूर्वी माझा ताप येऊन गेला असेल, त्याचे रक्त त्यांना बाहेरूनच ओळखते. म्हणून रक्त तपासायला ती फार कामाची. आम्हाला वेगळे करण्यासाठी गरगर फिरवणारे एक यंत्र होते. तास न् तास फिरल्यावर नळीत दोन फिकट पट्टे दिसत. वरचा पट्टा त्यांचा, खालचा आमचा, कारण आम्ही जड. प्रयोगशाळेत त्यांना मोकळे म्हणत आणि आम्हाला भरलेले. नळीचे झाकण नखाएवढे, त्यावर अख्खा शब्द कुठे मावणार? म्हणून मोकळ्यांच्या झाकणावर 'म' आणि आमच्या झाकणावर 'भ'. 'म' उघड्या टेबलावर उघडायचा. 'भ' मात्र काचेच्या पेटीत हात घालून, दोन-दोन हातमोजे चढवून आणि तोंड झाकूनच.

हे पट्टे वेगळे काढण्याचे आणि झाकणांवर अक्षरे घालण्याचे काम वहिनींचे होते. त्यांचे दीर पूर्वी तिथे कारकून होते, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईसुद्धा वहिनीच म्हणत. वहिनींचे अक्षर सुंदर होते. त्यांची लिहिण्याची रीत जुन्या वळणाची, आधी सगळी अक्षरे काढायची आणि मग वरून एकच लांब शिरोरेषा ओढायची. पुढे काही वर्षांनी त्यांना मुलगी झाली. ती ताटाला, डब्याला, बापाच्या टकलालाही टिचकी मारायची, म्हणून तिचे नावच टिचकी पडले होते. पाच वर्षांची झाल्यावर टिचकी अक्षरे शिकू लागली. "भ च्या डोक्यावरून रेघ पुरती न्यायची नाही हं, नाहीतर त्याचा म होतो," असे वहिनी तिला रोज बजावत. दुसऱ्या दिवशी टिचकीने किती 'भ' बिघडवले, ते काम करता करता बाईंना सांगत.

गाठीचे गूढ उकलले आणि माझ्यातला लोकांचा रस आटला. बाई सभा-समित्यांत अडकल्या. जिन्यातल्या चित्रावर धूळ बसली. मी थंड कपाटाच्या तळाच्या खणात गेलो आणि आठ वर्षे मला कुणी हात लावला नाही. तिथे वेळ जात नाही. ना भूक, ना झोप. शेजारच्या नळ्यांत मोकळे होते. आठ वर्षे त्या शून्य घरांना लागून राहिल्यावर कधी कधी वाटायचे, आपल्याही घरात कुणी नसेल आणि हे वाटणे तेवढे चुकून आत राहिले असेल.

मग बाईंची निवृत्ती आली. कपाटाची यादी करायची ठरली. झाकणांवरची शाई पुसट झाली होती, म्हणून वहिनी अक्षरे पुन्हा गिरवायला बसल्या. डब्यात दहा-दहा नळ्यांच्या ओळी होत्या. थंडीने त्यांची बोटे बधिर झाली होती. शेवटच्या ओळीत नऊ 'म' होते आणि दहावा मी. पूर्वी कधीतरी दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून कुणीतरी मला तिथे बसवले होते. वहिनींनी दहाही अक्षरे गिरवली. मग सवयीप्रमाणे लेखणी उचलली आणि या झाकणापासून त्या झाकणापर्यंत एक सरळ रेघ ओढली. ती माझ्या डोक्यावरूनही गेली.

एवढीच चूक झाली. ज्या आईने ही चूक लेकीला रोज समजावली, तिच्याच हातून झाली.

बाईंच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. वीस वर्षांपूर्वी माझा ताप येऊन गेलेल्या काही माणसांचे रक्त नव्याने आले होते. ते अजून मला ओळखते का, हे बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. "वहिनी, मोकळ्याची एक नळी काढा," त्या म्हणाल्या. वहिनींनी शेवटच्या ओळीतली शेवटची नळी काढली.

त्यांनी मला मुठीत धरून ऊब दिली. आठ वर्षांनी बर्फ सुटला. टेबल उघडे होते. वहिनींच्या तोंडावर काही नव्हते, कारण मोकळ्यांसाठी ते लागत नाही. "बाई, कालची गंमत ऐकली का? टिचकीचा पहिला दात पडला, आणि म्हणते कशी," असे बोलत त्यांनी झाकण फिरवले. आत कोंडलेली हवा फट्‌दिशी सुटली. डोळ्यांना दिसणार नाहीत असे थेंब उडाले. वहिनींनी पुढचे वाक्य बोलायला श्वास आत घेतला, आणि मी आत गेलो.

मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला का? मी खोटे बोलणार नाही. आनंद म्हणजे काय, ते मला माहीत नाही. ऊब लागली, ओल लागली, आणि इतक्या वर्षांत जे घर कधी उघडले नव्हते ते सैल झाले. समोर एक भोळी पेशी होती. तिने मला वाचायला घेतले.

इकडे बाईंनी टेबलावर पडलेले झाकण सहज हातात घेतले. चष्मा नाकावर चढवला. पुन्हा उतरवून पुसला.

"वहिनी, हा म तुम्ही काढलात?"

"हो, परवाच गिरवले की सगळे. का?"

"मग याला शेंडी कशी? रेघेच्या वर बघा. जुन्या शाईतला भ चा वळसा आहे."

वहिनींनी वाकून पाहिले. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"हात तोंडाला लावू नका," बाई म्हणाल्या. "आणि वहिनी, आज घरी जायचं नाही."

"बाई, टिचकी..."

"तिच्यासाठीच म्हणतेय मी."

मोठ्या माणसांना माझा ताप आठवडाभर लोळवतो आणि सोडून देतो. लहान मुलांत मात्र तो कधी कधी डोक्यात चढतो. हे वहिनींना कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचे तक्ते त्यांनीच वर्षानुवर्षे भिंतीवर लावले होते.

प्रयोगशाळेच्या मागे पाहुण्यांसाठी एक खोली होती. तिथे वहिनींना ठेवले. डॉक्टरांनी सांगितले, ताप येवो न येवो, दहा दिवस दार बंद आणि खिडकीही बंद. बाईंना माझा ताप पूर्वीच येऊन गेला होता, तरी जेवण दाराशी ठेवून त्या लांब जाऊन उभ्या राहत. चौथ्या दिवशी ताप आला. वहिनींच्या घशात पुन्हा तोच काळोख, तीच गर्दी. पाच-पाचांचे गट फिरू लागले, गाठ चाचपू लागले, बाराच्या बारा जमून बंद होऊ लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वहिनी थकून कुशीवर पडलेल्या दिसत. आतून अहोरात्र घरे बांधली जात होती. शेजारी मोकळे होतेच, आणि अधूनमधून एखादे चुकलेले घरही, ज्याने मला सोडून वहिनींच्या पेशीचेच पत्र उचलले होते.

रोज दुपारी चार वाजता नवरा टिचकीला घेऊन अंगणात येई. खिडकीला काच होती. वहिनी आतून हात हलवत, टिचकी बाहेरून काचेला टिचक्या मारी. "आई, उघड ना," ती म्हणे. "दहा दिवस झाले की," वहिनी म्हणत आणि उरलेल्या दिवसांची बोटे दाखवत. त्यांच्या श्वासाने काच धूसर होई. त्या धुक्यात आम्ही असायचो.

सहाव्या दिवशी नवरा डबा द्यायला पुढच्या दाराकडे गेला. तेवढ्यात टिचकी पाण्याच्या टाकीवर चढायला गेली आणि पायरीवरून तोंडावर आपटली. हनुवटी फुटली. रक्ताने फ्रॉक भिजला. ती किंचाळत खिडकीकडे धावली आणि काचेला गाल लावून रडू लागली. "आई! रक्त! आई, उघड!"

वहिनी तापातच उठल्या. दोन पावलांत खिडकीशी आल्या आणि त्यांचा हात कडीवर गेला. कडी अर्धी फिरली. मी त्यांच्या श्वासात होतो, ओठांवर होतो, काचेच्या आतल्या बाजूला लाखोंनी होतो. मुलीच्या गालात आणि माझ्यात काचेएवढेच अंतर होते. मी तिला बोलावले नाही. मला बोलावता येत नाही. मी फक्त तिथे होतो.

आणि त्या गालासमोरच एक चुकलेले घर चिकटले होते. ते माझ्याच वेशात होते, पण त्याच्या आत मी नव्हतो. आत वहिनींच्या पेशीचे एक छोटेसे पत्र होते. आईचाच एक तुकडा माझ्या भिंतींत कोंडून लेकीकडे निघाला होता. मोकळ्यांना मी घाबरत आलो, पण त्या घराकडे पाहून मला जे वाटले, त्याला माझ्या साडेसात हजार अक्षरांत शब्द नाही.

वहिनींनी कडी परत लावली. ती सोडली मात्र नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"टिचके, इकडे बघ. रडू नको... बरं रड, पण ऐक. फ्रॉकचं टोक धर आणि हनुवटीला दाब. घट्ट. शाब्बास! आता दुसऱ्या हाताने काचेला टिचक्या मार. मी मोजते. बाबा आत्ता येतील."

"तू ये!"

"मार टिचकी. एक."

मुलीने हुंदके देत टिचकी मारली. प्रत्येक टिचकीला काच थरथरे आणि आमच्यातले काही जण गळून खाली पडत. वहिनी मोजत होत्या. आवाज नीट लावायचा त्या प्रयत्न करत होत्या, पण वीसच्या पुढे त्यांना ते जमले नाही. एकतिसाव्या टिचकीला नवरा धावत आला आणि त्याने लेकीला उचलले. जाताना टिचकी त्याच्या खांद्यावरून ओरडली, "तू वाईट आहेस! तू उघडलं नाहीस!"

वहिनी खिडकीखाली जमिनीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. मला तो हुंदका आतून ऐकू आला. घसा इतका हलला की बांधून होत आलेली घरेसुद्धा विस्कटली.

पुढचे चार दिवस टिचकी आली नाही. हनुवटीला तीन टाके पडले होते, पण नवरा म्हणाला की कारण ते नाही, ती यायलाच तयार नाही. इकडे वहिनींच्या शरीराने मला ओळखायला शिकून घेतले होते. माझी घरे पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच धरली जात. दहाव्या दिवशी त्यांच्या घशात मी उरलो नव्हतो. त्याआधी डॉक्टरांनी घशात काडी फिरवून मला थोडा काढून घेतला होता, म्हणून तर हे सांगायला मी आहे. माझी चार अक्षरे आता नवी आहेत. ती वहिनींच्या घशात बदलली. माझ्या नळीवर मोठी चिठ्ठी आहे आणि तिच्यावर बाईंनी जायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने अख्खा शब्द लिहिला, 'भरलेले'.

अकराव्या दिवशी खिडकी उघडली, दारही उघडले. नवऱ्याने टिचकीला कडेवर उचलून आणले होते. ती खाली उतरली आणि बापाच्या पायामागे लपली. वहिनींनी हात पुढे केले. ती आली नाही. मग वहिनी उंबऱ्यावरच बसून राहिल्या. त्यांनी तिला हाक मारली नाही, ओढले नाही. कपाटाकडे जाणाऱ्या पेटीतून मी एवढेच पाहिले. पुढे ती आईजवळ गेली की नाही, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मला माया द्या असे मी म्हणणार नाही. ती मला झेपणारही नाही. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कधी कुणी असे काचेमागे बसले, आणि तुम्ही रडत असताना त्याने खिडकी उघडली नाही, तर त्याच्यावर रुसू नका. जमले तर टिचकीला कुणीतरी हे सांगा. तिची हनुवटी एव्हाना भरून आली असेल. तिला सांगा की त्या दिवशी तुझ्या आईने कडी किती घट्ट धरली होती, ते बाहेरून दिसत नव्हते. मी आत होतो, मी पाहिले आहे.